१२३४५६७८९८७६५४३२१ : एका मोठ्या संख्येच्या तळाशी कसं जायचं

भाची सातवीत असताना तिनं मला विचारलं, "मामा, एकपासून नऊपर्यंत चढून परत एकपर्यंत उतरणारी संख्या मूळ संख्या असते का?" मी ती संख्या लगेच स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि अवयव पाडायला घेतले. २ ने भाग गेला, ५ ने गेला. परत २ ने, परत ५ ने. दोन संध्याकाळी मी त्यात घालवल्या आणि मग लक्षात आलं, की ज्या संख्येच्या शेवटी १ आहे तिला २ ने भाग जाणंच शक्य नाही. मी भलत्याच संख्येचे अवयव पाडत होतो. शेवटचे दोन अंक यंत्रानं परस्पर शून्य करून टाकले होते.

त्यानंतर हीच संख्या मी पहिल्यापासून, वहीवर, नीट क्रमानं सोडवली. तुमच्यासमोर अशी एखादी सतरा-अठरा अंकी संख्या आली आणि तिचे गुणधर्म शोधायचे असले, तर सुरुवात कुठून करायची आणि कुठे घसरायला होतं, हे सगळं इथे लिहितो आहे. गणिताची पदवी लागत नाही. आठवीपर्यंतचं गणित आणि थोडा धीर पुरतो. पायरी ६ तेवढी जरा सावकाश वाचा.

काय काय लागेल

- चौकटींची वही आणि पेन्सिल. साध्या ओळींच्या वहीत अंक एकाखाली एक राहत नाहीत आणि निम्म्या चुका तिथेच होतात.
- ६०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. स्वतः चाळणी लावून काढलीत तर उत्तमच.
- कितीही अंकांचं गणित पूर्ण अचूक करणारं एखादं साधन. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतो, ती फुकट आहे. हे फक्त पडताळणीसाठी.
- वर्गमूळ काढायची शाळेतली भागाकार पद्धत. विसरला असाल तर पायरी ४ मध्ये आठवेल.

पायरी १ : संख्या नीट उतरवून घ्या

आपली संख्या सतरा अंकी आहे. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर ती अशी दिसते:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

वाचायची झाली तर: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. "कोटी" दोनदा आल्यानं कानाला विचित्र वाटतं, पण गोंधळ होत नाही. खर्व, निखर्व या नावांच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये असं मला वाटतं, कारण त्यांचा अर्थ एकसारखा राहिलेला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, तर आजच्या अनेक याद्यांत एकावर अकरा. लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्या यादीप्रमाणे आपल्या संख्येचा पहिला अंक "मध्य" या सतराव्या स्थानावर बसतो, परार्धाच्या अगदी अलीकडे.

आता पडताळणी. अंकांची बेरीज करा: १ ते ९ ची बेरीज ४५, आणि उतरतीच्या ८ ते १ ची ३६. एकूण ८१. मग उजवीकडून एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करा. विषम स्थानांवरचे १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ मिळून ४१. सम स्थानांवरचे २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ मिळून ४०. विषमच्या बेरजेतून समची बेरीज, याच क्रमानं, वजा केली की १. हे दोन आकडे, ८१ आणि १, वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. संख्या जितक्या वेळा नव्यानं उतरवाल तितक्या वेळा ते ताडून पाहा.

दोन्ही का हवेत? शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून पहिल्या कसोटीला ती चूक दिसत नाही. दुसरीला हमखास दिसते.

या संख्येत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे मधला ९ गाळणं. १२३४५६७८८७६५४३२१ अशी सोळा अंकी संख्या लिहिली जाते आणि दिसायला ती तितकीच छान दिसते. पण ती वेगळ्याच कुळातली आहे. ती ११११११११ × १११११११११ आहे, तिला ११ ने भाग जातो आणि ती कशाचाही वर्ग नाही. एक अंक गळला आणि जवळजवळ सगळे गुणधर्म गेले.

पायरी २ : यंत्राची मर्यादा आधी तपासा

माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या या पायरीअभावी. बहुतेक स्प्रेडशीट प्रोग्रॅम संख्येचे पहिले १५ सार्थ अंकच ठेवतात. पुढच्या जागा शून्यानं भरतात. आपली संख्या तिथे १२३४५६७८९८७६५४३०० होते, आणि पडद्यावर ती घातांकाच्या रूपात दिसत असल्यानं हे डोळ्यांना कळतही नाही. ऑफिसात लांबलचक खाते क्रमांकांची यादी ठेवताना शेवटचे अंक शून्य झाल्याचा अनुभव अनेकांना असेल. कारण हेच. तिथे ज्याप्रमाणे तो रकाना "मजकूर" म्हणून ठेवतात, तसं इथेही करता येतं, पण मग त्यावर गणित होत नाही.

प्रोग्रॅमिंग भाषांमध्येही सापळा आहे. दशांश संख्या साठवायच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पद्धतीत २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्ण संख्या अचूक बसते. आपली संख्या त्याच्या पुढची आहे. त्या टप्प्यात फक्त सम संख्या बसतात, त्यामुळे आपली विषम संख्या शेवटी २० असलेली होऊन बसते. जावास्क्रिप्टमध्ये ती साधेपणानं लिहून बघा, १२३४५६७८९८७६५४३२० परत मिळेल.

पायथनमध्ये पूर्णांक अचूक राहतात. देवनागरी अंक अवतरण चिन्हांत लिहून "इंट" या फंक्शनला दिले तर तो ते बरोबर ओळखतो, हे मला फार आवडलं. मात्र प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरीत संख्या लिहिली तर चूक दाखवतो.

पायथनमध्येही एका ठिकाणी सांभाळा. नेहमीचं वर्गमूळाचं फंक्शन, "स्क्वर्ट", दशांश संख्येत उत्तर देतं. त्याला आपली संख्या दिलीत तर १११११११११ येतं, ते बरोबर आहे. पण तिच्यात १ मिळवून १२३४५६७८९८७६५४३२२ दिलीत तरी तेच उत्तर येतं! शेवटी २ असलेली संख्या कधी पूर्ण वर्ग नसते, तरी यंत्र तिला वर्ग ठरवतं. मोठ्या संख्येसाठी "आयस्क्वर्ट" हे पूर्णांक वर्गमूळाचं फंक्शन वापरा आणि आलेल्या उत्तराचा परत वर्ग करून दिलेल्या संख्येशी जुळवा.

पायरी ३ : विभाज्यतेच्या कसोट्या, पण तीन-तीनच्या गटांनी

शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो.

इथे थांबा. "बेरीज ८१, म्हणून ८१ नेही भाग जाईल" असं म्हणू नका. ही कसोटी ३ आणि ९ साठीच आहे. १८९९ ची अंकांची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भाग जात नाही. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरं आहे, पण ते वेगळ्या कारणानं सिद्ध करावं लागेल. ते पुढे होईल.

आता मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा. (इथे आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरा, नाहीतर गट चुकतील.)

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

या सगळ्यांची बेरीज करा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. आणि २९९७ म्हणजे ३ × ९९९. हजाराला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून गटांच्या बेरजेला ९९९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत २७ आणि ३७ दोन्ही हाती आले.

त्याच गटांची एकाआड एक वजाबाकी-बेरीज केली तर ७, ११ आणि १३ तिन्ही एकदम तपासता येतात, कारण १००१ = ७ × ११ × १३. उजवीकडून: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. याला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही.

पायरी ४ : वर्ग आहे का ते हातानं पाहा

मोठी संख्या मिळाली की लोक थेट अवयव पाडायला बसतात. माझा आग्रह आहे की आधी ती कशाचा तरी वर्ग आहे का ते पाहा. असली तर काम निम्म्यानंच नव्हे, कित्येक पटींनी कमी होतं: सतरा अंकी संख्येऐवजी नऊ अंकी संख्येचे अवयव पाडायचे.

आधी झटपट चाळणी. वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ नसतो. आपला १ आहे, चालेल. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी नेहमी १. शेवटचे तीन अंक ३२१, त्याला ८ ने भागून बाकी १. हेही चालेल. या चाळणीतून पार पडली म्हणजे वर्ग आहेच असं नाही. पण हातानं वर्गमूळ काढायला हरकत नाही.

उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या करा:

१ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१

नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. पहिल्या गटातून १ चा वर्ग वजा. उत्तराचा पहिला अंक १. आता नेहमीप्रमाणे उत्तराची दुप्पट करायची, पुढची जोडी खाली उतरवायची, आणि दुपटीपुढे असा अंक जोडायचा की त्याच अंकानं गुणल्यावर वजा करता येईल. पहिल्या वेळी दुप्पट २, खाली २३. २२ × २ = ४४ मोठं होतं, म्हणून २१ × १ घ्यायचं. पुढे दरवेळी असंच होतं:

२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

हे गणित एकदा तरी स्वतः करा. मी भाचीबरोबर चौकटींच्या वहीत केलं तेव्हा सहाव्या ओळीनंतर ती गप्प झाली होती. उरलेले अंक २, २४, २४६, २४६८ असे वाढत जातात, मग वळतात, आणि शेवटी वरची ओळ खालच्या ओळीवर तंतोतंत बसते. बाकी शून्य. उत्तर १११११११११.

असं का होतं ते उलट गुणाकारात दिसतं. १११११११११ ला १११११११११ ने हातानं गुणा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्या रकान्यात नऊ, आणि मग परत कमी होत एक. कुठेच हातचा येत नाही, कारण ९ च्या पुढे बेरीज जात नाही. म्हणूनच ही नक्षी इथे संपते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतो, हातचा पुढे ढकलला जातो, आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. "असंच पुढे चालू राहील" असं गृहीत धरणाऱ्यांसाठी हा सापळा आहे. चालू राहत नाही.

या संख्यांना नाव आहे, आणि ते आपल्याकडचं आहे. १, १२१, १२३२१ अशा, फक्त १ या अंकानं बनलेल्या संख्यांच्या वर्गांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी "वंडरफुल डेम्लो नंबर्स" म्हटलं. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. या ब्रिटिशकालीन रेल्वेवरचं, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर माहीत झालं, पण मला त्यांच्या डेम्लो संख्या जास्त जवळच्या वाटतात. पूर्णांकांच्या क्रमिकांचा ओईआयएस नावाचा जो ऑनलाइन कोश आहे, त्यात त्या ए००२४७७ या क्रमांकावर मिळतील. कोणतीही अनोळखी संख्या सापडली की त्या कोशात ती टाकून बघायची सवय लावा. पण आधी नाही, स्वतः झटल्यानंतर.

पायरी ५ : वर्गमूळाचे अवयव पाडा

आता आपल्यासमोर १११११११११ आहे. तीन-तीनचे गट: १११ | १११ | १११. म्हणजेच १११ × १००१००१. अशी रचना डोळ्यांना दिसली की भागाकार करत बसावं लागत नाही.

१११ = ३ × ३७. १००१००१ ची अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग: १००१००१ = ३ × ३३३६६७.

एकत्र केलं तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

पायरी ३ मध्ये अर्धवट राहिलेली गोष्ट आता सुटते. वर्गमूळात ३ दोनदा आहे, म्हणजे वर्गात चारदा. चार वेळा ३ म्हणजे ८१. संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि संख्येला ८१ नेच भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे, म्हणजे ८ गाळलेल्या त्या ओळखीच्या संख्येचा. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांनाही कापरेकरांनीच नाव दिलं आहे: हर्षद संख्या, आनंद देणारी. आपली संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही.

पायरी ६ : ३३३६६७ मूळ आहे हे गृहीत धरू नका

इथे बरेच जण "दिसायला मूळ वाटते" म्हणून पुढे जातात. सिद्ध करा.

५७७ चा वर्ग ३३२९२९, आणि ५७८ चा ३३४०८४. म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या १०६ आहेत. करता येतं, पण कंटाळवाणं आहे आणि कंटाळ्यात चुका होतात. संख्येच्या रचनेचा उपयोग करून यादी लहान करता येते.

३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. (हो, पायरी ३ मधलीच २९९७.) म्हणजे ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव नऊ वेळा ९ असलेल्या संख्येचाही अवयव असणार. आता शाळेतला आवर्ती दशांश आठवा. ज्या मूळ संख्येनं ९९९९९९९९९ ला भाग जातो, तिनं १ ला भागून येणाऱ्या दशांशाचं आवर्तन, म्हणजे परत-परत येणाऱ्या अंकांच्या गटाची लांबी, ९ चा विभाजक असतं, म्हणजे १, ३ किंवा ९ अंकांचं. आवर्तन १ अंकाचं फक्त ३ चं: ०.३३३… आवर्तन ३ अंकांचं फक्त ३७ चं: ०.०२७०२७… कारण ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ एवढेच. ३३३६६७ ला यांपैकी कोणाचाही भाग जात नाही. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद, आणि ३७ ने भागल्यावर बाकी १. उरलेल्या शक्यतेत आवर्तन ९ अंकांचं. मूळ संख्येच्या आवर्तनाची लांबी नेहमी त्या संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येची विभाजक असते. म्हणून उमेदवार १८ च्या पाढ्यापेक्षा १ ने मोठा हवा. (९ ने भाग जायला हवा आणि उमेदवार विषम, म्हणून १८.)

५७७ पर्यंत असे मूळ उमेदवार, ३७ वगळून, फक्त १६. कंसात बाकी देतो, ताडून पाहा:

१९ (८), ७३ (५७), १०९ (१८), १२७ (३८), १६३ (६), १८१ (८४), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३७९ (१४७), ३९७ (१८७), ४३३ (२५७), ४८७ (७२), ५२३ (५१६), ५४१ (४११), ५७७ (१६१).

एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे. १०६ भागाकारांच्या जागी १६.

या खटाटोपात एक सुंदर गोष्ट आपोआप सिद्ध झाली. आवर्तन १ असलेली एकमेव मूळ संख्या ३. आवर्तन ३ असलेली एकमेव ३७. आणि आवर्तन ९ असलेली एकमेव ३३३६६७. आपली संख्या नेमक्या या तिघांनी बनली आहे, चौथं कोणी नाही:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

पायरी ७ : विभाजक मोजा

घातांकांत प्रत्येकी १ मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं. ४६ किंवा ४४ आले तर कुठेतरी चूक आहे.

सर्व विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची १ पासून बेरीज करायची (३ साठी १ + ३ + ९ + २७ + ८१) आणि त्या तीन बेरजांचा गुणाकार: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी. अशा संख्येला न्यून म्हणतात. हा गुणाकार मात्र मी अचूक यंत्राकडेच सोपवतो आणि नंतर ११ ची कसोटी लावतो. १२१ हा अवयव असल्यानं उत्तराला ११ ने भाग गेलाच पाहिजे.

पायरी ८ : दोन वर्गांची बेरीज

ही पायरी ऐच्छिक आहे, पण मला विचाराल तर सगळं इथपर्यंत येण्यासाठीच केलं.

अवयव हाती आल्यावर विचारा: ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नियम असा, की ४ ने भागून बाकी ३ उरणारे मूळ अवयव सम घातांकानं यायला हवेत. ३ आणि ३३३६६७ दोघांची बाकी ३ आहे, आणि दोघेही सम घातांकानं आले आहेत. ३७ ची बाकी १. म्हणजे वाट आहे, आणि ती ३७ मधूनच जाते.

३७ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे: १२, ३५, ३७. ही १२ आणि ३५ ची जोडी बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली आहे. १११११११११ ला ३७ ने भागलं तर ३००३००३ येतात. त्यानं त्रिकोणाच्या दोन्ही बाजू गुणा:

१२ × ३००३००३ = ३६०३६०३६
३५ × ३००३००३ = १०५१०५१०५

आणि आता वर्ग:

१२९८५९५८९०५९३२९६ + ११०४७०८३०९७०६१०२५ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही बेरीज उजवीकडून स्वतः करा. ६ आणि ५ अकरा, १ लिहा, हातचा १. ९ आणि २ अकरा, हातचा मिळून १२, २ लिहा. गुणाकारात कुठेही हातचा नव्हता, आणि इथे सात घरांत हातचा येतो, तरी खाली एकेक अंक ओळीनं चढत जातो. शून्य सोडून दुसरी जोडीच नाही, कारण ३७ शिवाय दुसरा कोणी मदतीला नाही.

सरावासाठी

हीच वाट १२३४५६७८७६५४३२१ साठी चालून बघा. पंधरा अंकी आहे, ११११११११ चा वर्ग. तीन-तीनच्या गटांऐवजी इथे चार-चारचे गट उपयोगी पडतील. वर्गमूळाचे अवयव ११ × ७३ × १०१ × १३७ यायला हवेत आणि विभाजक ८१. दोन वर्गांच्या बेरजेत मात्र इथे एक नव्हे, १३ वेगवेगळ्या जोड्या निघतात, कारण ७३, १०१ आणि १३७ तिघांचीही ४ ने भागल्यावर बाकी १ आहे. एक जोडी मी देतो, १०१ मधून निघणारी: १०८९१०८९ आणि २२००२२०. उरलेल्या बारा तुम्ही शोधा. सुरुवात ७३ पासून करा: ५५ आणि ४८ च्या वर्गांची बेरीज ७३ चा वर्ग असते.